आपटायला दार नसलेली मुलं

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते अकरावीतली दहा-बारा मुलं जमतात. ‘वाचनकट्टा’ हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात एक सतरंजी, एक कुरकुरणारा पंखा आणि इकडून तिकडून गोळा केलेली दोनेकशे पुस्तकं. मागच्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी हातातलं इंग्रजी पुस्तक मिटून म्हणाली, “काकू, यातली पोरं भांडण झालं की आपल्या खोलीत जातात आणि धाडकन दार आपटतात. आमच्याकडे आपटायला दारच नाहीये. बाथरूमचं आपटलं तर आजोबा दचकतात.”

सगळी हसली. तीही हसली. ती कळव्याला वन बीएचकेत राहते. हॉलमध्ये आजोबांची कॉट. दीड वर्षं झाली, ते अंथरुणावरच आहेत. बेडरूममध्ये आईबाबा आणि धाकटा भाऊ. हिचं टेबल बंद करून घेतलेल्या बाल्कनीत, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचेच्या पलीकडे. ती काच काही आपटता येत नाही. जोर लावला की रुळावरून उतरते आणि मग ती बसवायला बाबांनाच हाक मारावी लागते. म्हणजे ज्यांच्याशी भांडण झालं त्यांनाच.

किशोरवयीन मुलांसाठीच्या कथा-कादंबऱ्यांत घरातले ताण कसे येतात, असं मला पालक अधूनमधून विचारतात. बहुतेकांना खरं तर विचारायचं असतं, ‘ही पुस्तकं वाचून आमची पोरगी उलट बोलायला लागली का?’ त्याचं उत्तर पुढे येईल. आधी या पुस्तकांत नेमकं काय चालतं ते बघू.

अशा पुस्तकांच्या इंग्रजी नावाचा घोळ पहिल्यांदा निस्तरू. ‘यंग अ‍ॅडल्ट’ हा शब्द लेखकांपेक्षा ग्रंथपालांनी जास्त रुळवला. लहान मुलांच्या कपाटातली पुस्तकं ज्यांना बाळबोध वाटतात आणि मोठ्यांच्या कपाटापुढे जे बावरतात, अशा वाचकांचं काय करायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं १९५७ मध्ये या वाचकांसाठी वेगळा विभागच काढला. आज तो १२ ते १८ हा वयोगट धरतो. आपल्याकडे ‘कुमारसाहित्य’ हा जवळचा शब्द. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, तेव्हा या वयाच्या मुलांना काहीतरी वेगळं वाचायला द्यावं हा विचार मराठीत नवा नाही.

पण नायक पंधरा वर्षांचा आहे म्हणून पुस्तक यंग अ‍ॅडल्ट होत नाही. खरी मेख दुसरीकडे आहे. गोष्ट सांगणारा त्या प्रसंगापासून किती लांब उभा आहे, हे बघायचं. घर, आई, बाप, भांडण सगळं त्या अंतरावर ठरतं.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात घरातले ताण काय कमी आहेत? कर्ज आहे, दारात सावकाराचा माणूस आहे, घरावर जप्ती आहे, आजारपण आहे, आईचा मारही आहे. पण हे सगळं सांगतोय तो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्रीमागून रात्री. आई केव्हाच गेलेली आहे. पोहायला जायचं टाळून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पाठवते, तो प्रसंग आठवा. आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्या माराचे वळ बुजलेले असतात, आईला तसं का करावं लागलं हे सांगणाऱ्याला कळून चुकलेलं असतं, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी असतं.

आता तोच प्रसंग त्याच दिवशी संध्याकाळी छोट्या श्यामनं सांगितला असता तर? नाकात गेलेलं पाणी आलं असतं, पाठीवरचे वळ आले असते, बघणाऱ्या पोरांसमोर झालेली शोभा आली असती. आईबद्दल मात्र तो काही बरं बोलला नसता. निदान त्या संध्याकाळी तरी नाही. यंग अ‍ॅडल्ट कादंबरी म्हणजे ती संध्याकाळ. (यावरून मी ‘श्यामची आई’ला नावं ठेवते असं कुणी समजू नये. तसं केलं तर मला नौपाड्यात राहू देणार नाहीत, आणि माझीही ती तीनदा वाचून झाली आहे, तिन्ही वेळा रडून.)

लांबून पाहिलं की आई देव्हाऱ्यातली दिसते. जवळून पाहिलं की ओल्या हातानं ओरडणारी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मार्कांचा हिशेब मागणारी बाई दिसते. दोन्ही खरंच आहे. मात्र पंधराव्या वर्षी दुसरीच दिसते, आणि तिच्याबद्दल बोलायची सोय कुठेतरी हवी असते.

ही जवळून सांगायची रीत ज्या पुस्तकानं पक्की केली, ते लिहिणारी स्वतः शाळकरी मुलगी होती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा गावी राहणाऱ्या एस. ई. हिंटननं ‘द आउटसायडर्स’ पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि १९६७ मध्ये ती छापून आली. मुलग्यांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीनं लिहिली म्हणून समीक्षक नाकं मुरडतील, या धास्तीनं नावाची फक्त आद्याक्षरं छापली. वरवर ती श्रीमंत आणि गरीब पोरांच्या मारामाऱ्यांची गोष्ट आहे. आतून ती तीन भावांच्या घराची आहे. आईवडील अपघातात गेलेत. थोरला डॅरी वीस वर्षांचा, कॉलेजचं स्वप्न गुंडाळून छपरं शाकारायच्या कामावर जातो. मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर. धाकटा पोनीबॉय चौदाचा, हुशार, आणि तोच गोष्ट सांगतो. घरात काही वावगं घडलं तर सरकार धाकट्या दोघांना उचलून नेईल, ही टांगती तलवार.

पोनीबॉय एका रात्री उशिरा घरी येतो. डॅरी आरडाओरडा करतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. या घरात आजवर पोनीबॉयवर कुणी हात उगारलेला नसतो. पोनीबॉय पळून जातो आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो.

आमच्या कट्ट्यावर हे प्रकरण वाचताना वर्तकनगरचा एक मुलगा थांबला. त्यांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, तोवर भाड्याच्या घरात आहेत, आणि थोरला भाऊ रात्रपाळी करतो. त्यानं पुस्तक उलटं करून सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाला, “लगेच सॉरी म्हणाला तरी काय झालं, मारलं ते मारलं.” मी काही बोलले नाही. असं काही ऐकलं की मोठ्यांना लगेच थोरल्या भावाची बाजू मांडायची खुमखुमी येते. ती आवरावी. कारण पुस्तकही तिथे बाजू मांडत नाही. सांगणारा पोनीबॉय आहे, आणि त्याच्या मते थोरल्याला तो नकोच आहे. वाचकाला थोरल्याची दमलेली पाठ दिसत असते, पण पोनीबॉयला ती दिसत असूनही कळत नसते. हा या लिखाणातला सगळ्यात अवघड भाग. सांगणाऱ्याला जे उमगलेलं नाही, ते त्याच्याच तोंडून वाचकापर्यंत पोचवायचं.

पुढे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॅरी रडताना दिसतो आणि पोनीबॉयला एकदम उलगडतं. आईवडील गेले, आता हाही हातचा जाईल म्हणून तो सारखा ओरडत होता. ज्याला हा इतके दिवस धाक समजत होता ती धास्ती होती.

किशोरांच्या जवळपास प्रत्येक चांगल्या घरगोष्टीत असा एक क्षण असतो. मोठं माणूस घाबरलेलं आहे, हे मुलाला पहिल्यांदा दिसतं. अनेक जण याला ‘समेट’ म्हणतात, मला ते पटत नाही. समेटात दोघं आपापल्या जागा सोडतात. इथे मुलाला फक्त एवढं कळतं की आईबाप म्हणजे आपल्यासाठी ठेवलेली भिंत नव्हे, ती वेगळी माणसं आहेत आणि त्यांना सगळं जमत नाही. ही काही फार सुखाची जाणीव नाही. कित्येक मुलांचं बालपण त्याच मिनिटाला संपतं.

हिंटन तिथेही थांबत नाही, म्हणून मला ती आवडते. शेवटाकडे पुन्हा भांडण होतं आणि या खेपेला घराबाहेर पळतो तो नेहमी हसतमुख असलेला मधला भाऊ. दोघांनी आपल्याला दोन्हीकडून ओढून फाडलंय, हे तो तोपर्यंत कुणाला सांगतच नाही. घराघरांत असं एक मूल असतं. कट्ट्यावर हे पान आलं की कोण गप्प होतं यावरून मला कळतं. आणि अगदी शेवटी उघड होतं की हे अख्खं पुस्तक म्हणजे पोनीबॉयनं इंग्रजीच्या सरांना लिहून दिलेला निबंध आहे. घटनेनंतर जेमतेम काही आठवड्यांत लिहिलेला, वळ ओले असताना.

आता आईबापांना गोष्टीतून घालवायची युक्ती. ही फार जुनी आहे. मोठी माणसं घरात असली की मूल साहस करणार कधी? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे आईवडील फुरसुंगीला आणि तो पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात. म्हणून तर त्याला चोरांच्या मागे सायकल दामटता येते. सुझॅन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) वडील खाणीतल्या स्फोटात गेलेत आणि आई दुःखानं मुकी होऊन बसली आहे. तलवारी-बाण-राजकारण बाजूला केलं तर खाली उरते ती आईवरचा राग न विझलेली, धाकट्या बहिणीची आई झालेली सोळा वर्षांची मुलगी. कोवळ्या वयात घर अंगावर घेणाऱ्या पोरांसाठी आपल्याकडे ‘पोर समजूतदार आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. त्या कौतुकात किती ओझं असतं ते ही पुस्तकं मोजून दाखवतात.

ठाण्यात ही युक्ती लिहायची म्हटली तर पंचाईत. आईवडील काढले तरी आजी आहे, आजी काढली तर समोरच्या काकू आहेत, त्याही नाहीत तर सोसायटीच्या ग्रुपवर वॉचमनच्या आधी कुणीतरी लिहितंच, ‘सी विंगमधली मुलं रेफ्यूज एरियात बसलेली दिसली.’ घोडबंदर रोडच्या टॉवरांत आगीच्या वेळी जमायचा जो मोकळा मजला असतो, तोच आमच्या पोरांचा एकांत. तलावपाळीला चक्कर मारावी तर ओळखीची दोन माणसं भेटणारच. मराठीत घरच्या ताणाची गोष्ट लिहिणाऱ्याला हा सततचा शेजार बरोबर घेऊनच लिहावी लागेल.

१९७० च्या दशकात अमेरिकेत अशा पुस्तकांची लाट आली, एकेक अडचण घेऊन लिहिलेली: दारू, घटस्फोट, गर्भपात. ‘प्रॉब्लेम नॉव्हेल’ म्हणायचे त्यांना, काहीसं नाक मुरडूनच. त्यातली बरीच आज वाचवत नाहीत. ज्यूडी ब्लूमचं ‘इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (१९७२) मात्र अजून टिकून आहे. आईवडील वेगळे होताहेत आणि करेन नावाची मुलगी रोजच्या दिवसाला डायरीत ग्रेड देते, शाळेत मिळते तशी. तिची खात्री असते की दोघांना फक्त एका खोलीत आणलं की झालं. पुढे दोघं एका खोलीत येतातही. पण असे भांडतात की तिच्या योजनेचा तिथेच निकाल लागतो. इथे ना आई वाईट आहे ना बाबा. बारा वर्षांच्या मुलीचा हिशेब तेवढा चुकलेला आहे, आणि तो चुकणारच होता.

सध्याच्या काही पुस्तकांबद्दल माझी तक्रार नेमकी इथे आहे. त्यांत आईबाप एक तर खलनायक असतात नाहीतर शेवटच्या पानावर मिठी मारायला येतात. मुलं समुपदेशकासारखी बोलतात. आमच्याकडच्या एका मुलानं घरी ‘तुम्ही माझ्या बाउंडरीज पाळत नाही’ असं सुनावलं. बाबांना क्रिकेटच वाटलं. शब्द चुकीचा नव्हता, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून उसना आणलेला होता. भांडण मराठीत, शब्द इंग्रजी पुस्तकातले. मधल्या फटीत दोघंही पडले.

मग पालकांच्या त्या प्रश्नाचं काय? उलट बोलायला मुलांना पुस्तक लागत नाही, पंधरावं वर्ष पुरतं. पुस्तक फार तर भांडणाला शब्द पुरवतं. एवढं पुरे.

मराठीत जवळून सांगितलेली घरं नाहीत असं नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’मध्ये (१९९४) भेटतो. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे ठेवलेला मुलगा. कुणी त्याला छळत नाही, उलट लाडच करतात. तरी आईची आठवण अशी काही वळणानं येते की तो ती ‘आठवण’ म्हणून सांगतही नाही. भलतंच काहीतरी सांगतो, आणि आपल्याला कळतं. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची. मोठ्या बहिणीला तो मनातल्या मनात अंबाबाई म्हणतो; या एका शब्दात त्या घरातली सगळी खुन्नस आणि माया आहे. आईबाबांना जे सांगता येत नाही ते नरूमामाला सांगता येतं, हेही किती आपलं आहे! आपल्याकडे मुलाच्या बाजूनं बोलणारा वकील बहुतेक वेळा मामा, मावशी नाहीतर आत्या असते. अमेरिकन पुस्तकांत ते काम शाळेतले शिक्षक करतात. ही दोन्ही पुस्तकं मुद्दाम मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, पण मुलं ती स्वतःहून उचलतात. दहावी, क्लास, ईएमआय आणि बंद बाल्कनी यांच्यामध्ये आज वाढणाऱ्या मुलाची इतकी जवळून सांगितलेली मराठी कादंबरी मला माझ्या कपाटात ठेवायची आहे. लिहा कुणीतरी.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये एक साधी उपमा दिली, ती तिकडच्या शिक्षकांना तोंडपाठ असते. मुलासाठी पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार, ज्यातून पलीकडे जाता येतं. मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कळव्याची ती मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे आमची बाल्कनी!”

तिला मी पॅट्रिक नेसचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) दिलं. या गोष्टीची कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. पुस्तक लिहायच्या आत २००७ मध्ये ती कॅन्सरनं गेली, मग नेसनं ते लिहिलं. कॉनर तेरा वर्षांचा. आईला कॅन्सर, बाबा अमेरिकेत नव्या संसारात, आजी अशी की जिच्या दिवाणखान्यात बसायचीही भीती वाटावी. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचं झाड राक्षस होऊन येतं. तीन गोष्टी सांगतं, आणि चौथी कॉनरनं सांगायची अशी अट घालतं, पण ती खरी हवी. ‘मी’ म्हणून सांगितलेली गोष्ट नसूनही आपण कॉनरच्या डोक्यातून बाहेर येत नाही, म्हणजे जवळून सांगायला दर वेळी ‘मी’ लागतोच असंही नाही. ती चौथी गोष्ट काय, ते ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडावीत. आईवर जिवापाड प्रेम असताना कॉनरला आतून वाटत असतं की हे वाट बघणं आता सोसवत नाही, एकदाचं संपू दे. आणि असं वाटलं म्हणून आपणच तिला मारतोय, अशी त्याची खात्री असते.

ज्या घरात हॉलमध्ये कॉट आहे, त्या घरातल्या प्रत्येकाच्या मनात हे वाक्य कधी ना कधी येऊन जातं. बोलत कुणी नाही. आपल्याकडे सेवा हा शब्द इतका मोठा आहे की त्याच्या शेजारी दमणं हा शब्द उभाच राहू शकत नाही.

तीन आठवड्यांनी तिनं पुस्तक परत आणलं. मध्यावर एक टीएमटी बसचं तिकीट होतं, तिची खूण. आणि बरंच पुढे, संपायला दहा-बारा पानं असताना, एक यू-पिन.

“ही तुझी?” मी विचारलं.

“आईची. ती वाचतेय हे मला माहीतच नव्हतं. इंग्रजी पुस्तक ती हातात घेईल असं वाटलं नव्हतं. आजोबांचं रात्रीचं सगळं आवरून झाल्यावर वाचायची बहुतेक. माझं संपलं त्या दिवशी बघितलं तर पिन इथे होती, मग मी तशीच ठेवली. चार दिवस तिथेच होती.”

“तिनं शेवट वाचला?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मी विचारलं नाही.” मग पुस्तक माझ्या हातातून परत घेतलं. “अजून एक आठवडा ठेवू का, काकू?”